गावपळणीचं पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते त्यांना आवडणार नाही, आणि त्या काळात ते नाव कुठल्याच कागदावर लिहिता येत नव्हतं, त्याची मला अजून रुखरुख आहे. त्या वेंगुर्ल्याकडच्या ख्रिश्चन घरातल्या. सकाळच्या एसटीने यायच्या, दुपारच्या एसटीने जायच्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील माड, काजू आणि थोडी भातशेती बघतात. आई चौथीपर्यंत शिकलेली. मी वर्गात मागच्या बाकावर बसायचो आणि वर्षभर कोणाशी धड बोललो नव्हतो. गावच्या शाळेत मी हुशार होतो. कॉलेजात आल्यावर कळलं की प्रत्येकच मुलगा कुठल्या ना कुठल्या गावच्या शाळेत हुशार होता.

एकदा प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने घरच्या विहिरीचं पाणी आणायचं होतं. पाण्यात पिवळा दर्शक घालायचा, वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं. रंग विटकरी झाला की थांबायचं. जितकं जास्त सोडावं लागेल तितकं पाण्यात मीठ जास्त. सगळ्यांचे रंग बदलले. माझी ब्युरेट संपली तरी पाणी पिवळंच.

शेजारचा मुलगा ओरडला, "मेल्या, दर्याचा पाणी भरून हाडलंस काय रे?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी बाटली उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "हे तुम्ही पिता?"

"नाही मॅडम. पिण्याचं देवळाच्या विहिरीवरून आणतो. हे माडांना आणि भांड्यांना."

"आधीपासून असंच?"

"लहानपणी गोड होतं. आता दिवाळी सरली की मचूळ होतं. शिमग्यानंतर तोंडात धरवत नाही."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. विद्यापीठाची एक योजना होती: विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी मिळून एखादं छोटं संशोधन करायचं, त्याला अनुदान मिळायचं. सूचना फलकावर ती नोटीस महिनाभर लागली होती आणि तिच्यावर क्रीडा स्पर्धेची नोटीस चिकटवलेली होती. मॅडम म्हणाल्या, "आपण तुमच्या गावच्या विहिरींवर करूया का?"

"आपण" हा शब्द मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत पुरला.

अर्जात अडचण आली. त्यात नावांसाठी दोनच ओळी होत्या, एक विद्यार्थ्याची आणि एक पूर्णवेळ प्राध्यापकाची. तासिकेवरच्या माणसाला त्यात जागा नव्हती. मॅडमनी सहज सांगितलं, "सरांचं नाव घालू. काम आपण करू." सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, निवृत्तीला आलेले, स्वभावाने बरे. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "मला फक्त विहिरीत उतरायला सांगू नका."

अर्जासाठी एक प्रश्न पक्का करायचा होता. खाडीचं पाणी भरतीबरोबर आपोआप आत झिरपतं म्हणून विहिरी खारट होतात, की आपण पंपाने गोडं पाणी उपसतो आणि त्या जागी खारं ओढलं जातं? दोन्ही गोष्टी रोजच घडतात, मग वेगळ्या कशा करणार? मॅडम पिपेट धुता धुता म्हणाल्या, "सगळ्या गावाने काही दिवस उपसा बंद ठेवला तर कळेल. पण तसं कोण करणार?"

मी म्हटलं, "आमचं गाव करतं."

त्यांचा हात थांबला.

आमच्या गावात गावपळण असते. काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवतेने कौल दिला की सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस, तीन रात्री गावात दिवा लागत नाही, चूल पेटत नाही आणि कोणी पाणी काढत नाही. मग पुन्हा कौल घेऊन परत यायचं. मला ती सुट्टी वाटायची. तिच्यात प्रयोग आहे हे मॅडमना दिसलं. त्या याच जिल्ह्यातल्या असूनही त्यांनी गावपळण फक्त ऐकली होती.

मुलाखत दुसऱ्या एका कॉलेजात होती. आत फक्त अर्जावरची दोन नावं जाऊ शकत होती. मॅडम बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या. आत सरांनी प्रस्तावना केली आणि माझ्याकडे बघितलं. मी बोललो. तीन परीक्षकांपैकी एकांनी नेमकं तेच विचारलं: भरती आणि उपसा वेगळे कसे करणार? मी गावपळण सांगितली. ते तिघे एकमेकांकडे बघून हसू लागले, पण ते हसू वर्गातल्यासारखं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा मॅडमनी मला शेजारी बसवलं. डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

अनुदानाचा पहिला हप्ता आला. त्यातून पाण्यातले क्षार मोजायचं एक छोटं यंत्र आलं, झाकणाच्या बाटल्या आल्या, रसायनं आली. शनिवारी मॅडम आमच्या गावात उतरायच्या. आम्ही विहीर ते विहीर फिरायचो. त्यांनी मला शिकवलं की बाटलीवर आधी वेळ लिहायची, मग पाणी भरायचं. नंतर लिहिलेली वेळ ही आठवण असते, नोंद नसते. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. बावीवरच्या बायका आम्हाला बघून थट्टा करायच्या.

"काय गो बाय, गावला काय मीठ?"

"गावला," सापडलं, असं मॅडम त्यांच्याच बोलीत उत्तर द्यायच्या, "पण पेजेपुरताच!"

वडिलांना मात्र हे काही पटत नव्हतं. "पाणी खारा आसा ता माका जिभेन कळता," ते म्हणायचे. "त्येका सरकार पैशे कित्याक देता?"

त्या वर्षी देवाने कौल दिला नाही.

योजनेची मुदत संपत आली. मुदतवाढीच्या अर्जावर कारण लिहायचं होतं. कॉलेजातल्या क्लार्कने पेन उचलून विचारलं, "काय लिहू? देवाने परवानगी दिली नाही?" शेवटी "अपरिहार्य स्थानिक कारणास्तव" असं लिहिलं आणि मुदत वाढून मिळाली.

जूनमध्ये प्रवेश कमी झाले. तास कमी झाले. मॅडमना बोलावणं आलं नाही. गोव्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं म्हणून सांगायला त्या एकदा आल्या. त्यांनी यंत्र स्वच्छ पुसून, जुन्या सुती फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. एसटी थांब्यावर म्हणाल्या, "कौल मिळेल तेव्हा तू कर. जे येईल तेच लिही. आपल्याला हवं ते आलं नाही तरी." तोपर्यंत त्या मला "तुम्ही" म्हणत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा "तू" म्हणाल्या, आणि एसटी आली.

त्यानंतर मी शनिवारी एकटाच फिरायचो. बायकांनी थट्टा करणं बंद केलं होतं, कारण थट्टेला उत्तर देणारं कोणी नव्हतं. काही महिन्यांनी मॅडमचा फोन नंबर बंद लागू लागला. सरांनाही नवा नंबर माहीत नव्हता. मी एवढंच धरून बसलो होतो की हे काम पूर्ण व्हायला हवं. अर्धं राहिलं असतं तर मॅडमचे ते सगळे शनिवार कोणाच्याच हिशेबात राहिले नसते. अर्जावर त्यांचं नाव नव्हतं, निदान प्रश्नाचं उत्तर तरी असायला हवं होतं.

मार्गशीर्षात कौल मिळाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी खाडीकाठच्या सगळ्या विहिरी मोजल्या आणि घरोघरी एकेक बाटली दिली. परत आल्यावर सगळीकडे एकट्याने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. म्हणून विनंती केली की पंप सुरू करायच्या आधी आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून ठेवा.

"पयली कळशी तुळशीक," एका काकीने बजावलं. "मगे तुझी बाटली."

"चालेल काकी. फक्त पंपाच्या आधी."

"आणि मगे खंय नेतलंस ता? सरकारात?"

"कॉलेजात. तपासायला."

"बघ हां. आमची बाव नापास केलंस तर चेडवाक बघूक कोण येवचो नाय!"

सगळे हसले. मीही हसलो. विहीर नापास झाली तर मुलीला स्थळ येणार नाही, हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

वेशीबाहेर नदीपलीकडे झापांच्या, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांच्या, झोपड्या उभ्या राहिल्या. गावपळण म्हणजे मजा. भजनं, पत्ते, एका चुलीवरचं कालवण दुसऱ्या झोपडीत. मुंबईहून माणसं आली होती. माझ्या वयाची मुलं क्रिकेट खेळत होती. मी त्यांच्यात जाऊन बसायचो, पण माझं लक्ष राहायचं नाही. संध्याकाळी नदीच्या काठावर जायचो. पलीकडे आमचं गाव, एकही दिवा नाही, धूर नाही, पंपाचा आवाज नाही. तिथे आत, कोणी बघत नसताना, विहिरींमधलं पाणी हळूहळू बदलत असेल किंवा नसेल. हे सांगावं असं सगळ्या मेळ्यात एकही माणूस नव्हतं. आई एकदा मागून आली. "काय बघतंस रे थय? भूतां?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही." ती थोडा वेळ माझ्या शेजारी उभी राहिली आणि चुलीवर काहीतरी ठेवलं होतं म्हणून परत गेली.

कौल घेऊन गाव परतला तेव्हा मी पळतच सुटलो. माझ्या पायांना जमल्या तेवढ्या, अगदी थोड्या विहिरींचं पाणी मी स्वतः भरलं. बाकीच्या बाटल्या लोकांनी आणून दिल्या. कोणीही विसरलं नव्हतं. काकीने तर बाटलीला हळदकुंकू लावलं होतं. आमच्या ओटीवर बाटल्यांची रांग लागली आणि ती बघून मला वाटलं, मॅडम इथे असायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एकटा बसून मोजू लागलो. पहिली बाटली गोड निघाली. दुसरीही. तिसरीचा आकडा दुसरीसारखाच. चौथीचाही तोच. मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग ब्युरेट लावली. सगळ्यांचे रंग जवळजवळ त्याच थेंबाला बदलत होते. मी स्वतः भरलेल्या बाटल्या तेवढ्या वेगवेगळ्या होत्या. लोकांनी दिलेल्या जवळपास सगळ्या बाटल्यांत एकाच विहिरीचं पाणी होतं. कुठल्या, ते चव न घेताही मला कळलं.

घरी येऊन आईला विचारलं, "आपल्या बाटलीत कुठलं पाणी भरलंस?"

"देवळाच्या बावीचा," ती अभिमानाने म्हणाली. "गावात त्याच्यासारखा पाणी नाय."

"पण मी आपल्या विहिरीचं सांगितलं होतं!"

"आपल्या बावीचा खारा. ता देवन तुका नापास करू काय?"

ती एकटी नव्हती. वेशीवरून आत येताना वाटेत देऊळ लागतं. तिथे पाया पडून, आपल्या घरचं पाणी कॉलेजात तपासायला जाणार म्हणून, बहुतेक घरांनी चांगल्यातलं चांगलं पाणी भरून घेतलं होतं. कोणाला आपली विहीर कमी ठरू नये असं वाटलं होतं, कोणाला मला चांगले गुण मिळावेत असं वाटलं होतं. पाहुण्याला फुटक्या कपात चहा देत नाहीत, त्यातलाच प्रकार. रागवायचं कोणावर?

मला हसू येत होतं आणि रडूही. मॅडम असत्या तर त्या आधी खो-खो हसल्या असत्या, मग म्हणाल्या असत्या, "आता काय करूया?" मी फोन लावला. नंबर बंद.

सरांना सांगितलं. त्यांनी आकड्यांचा कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाले, "आकडे तुझ्या बाजूनेच आहेत. गावपळणीनंतर सगळ्या विहिरी गोड. घालून टाक. कोण विहिरीत उतरून बघणार आहे?"

"ते पाणी त्या विहिरींचं नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. "मग जे झालं ते लिही. दुसरा हप्ता विसर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. मी तसंच लिहिलं: बाटल्या कशा भरल्या गेल्या, मी भरलेल्या मोजक्या विहिरींत पाणी थोडं गोड झालेलं दिसलं, पण एवढ्यावरून उत्तर देता येत नाही. दुसरा हप्ता आला नाही.

अहवाल कॉलेजच्या कपाटात गेला, यंत्रही तिथेच जमा केलं. माझी परीक्षा जवळ आली. चैत्र सरत आला आणि आमच्या विहिरीचं पाणी भांड्यांवर पांढरे डाग ठेवू लागलं. एका संध्याकाळी वडील पंप बंद करून ओटीवर आले आणि म्हणाले, "तुझो तो प्रश्न. सुटलो काय रे?"

त्यांनी तो प्रश्न लक्षात ठेवला होता हेच मला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, बाटल्यांचं, आईचं, सरांचं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे बाव तीन दिवस गप ठेवक व्हयी."

"हो. पण सगळ्या गावाने."

"सगळो गाव जातलो तेवा जातलो. आमची बाव तर आमची आसा."

"माडांची रोपं आहेत, बाबा. या उन्हात तीन दिवस..."

"गाव तीन दिवस भायर रवता, मगे एक पंप रवलो तर काय बिघाडता?"

दुसऱ्या दिवशी सरांकडे यंत्र मागितलं. त्यांनी कपाटाची किल्ली काढून दिली आणि म्हणाले, "रजिस्टरला नोंद नको करूस. घेऊन जा."

तीन दिवस आमच्या विहिरीवर कोणी गेलं नाही. आईने रहाटाचा दोर काढून ठेवला, म्हणजे सवयीने हात जाऊ नये. वडील देवळाच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणून रोपांच्या मुळाशी ओतत होते, पाण्यात ठेवलेल्या दगडांवरून चालावं तसं सावकाश. सगळ्या रोपांना पुरेल एवढं आणणं शक्य नव्हतं. काही रोपं वाळली. त्याबद्दल ते पुढे कधीच बोलले नाहीत.

आता मी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला नोकरी करतो. पाण्याशीच संबंधित काम आहे. पाच वाजले की कर्मचारी आपापल्या एसटीने निघून जातात आणि कार्यालयांचे रस्ते रिकामे होतात. खोलीवर मी एकटा असतो. अशा वेळी मला नदीच्या काठावरून दिसलेलं ते दिवा नसलेलं गाव आठवतं. नोकरी लागल्यावर मी वेंगुर्ल्याला जाऊन मॅडमच्या माहेरचं घर शोधून काढलं. त्यांची आई भेटली. मुलगी आणि जावई आखातात आहेत, सुट्टीत येते तेव्हा तिला देईन, असं म्हणाली. मी तिथे ठेवून आलेलं पत्र असं होतं:

आदरणीय मॅडम,

मी तुमचा खाऱ्या पाण्याचा विद्यार्थी. तुमचा नंबर लागत नाही म्हणून हे लिहून तुमच्या आईंकडे देत आहे.

तुम्ही गेल्यावर त्याच मार्गशीर्षात कौल मिळाला. मी घरोघरी बाटल्या दिल्या होत्या, पण लोकांनी माझ्यावरच्या मायेने देवळाच्या विहिरीचं पाणी भरून दिलं. माझ्या आईनेसुद्धा. तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. जरूर हसा. इथे माझ्याबरोबर हसायला कोणी नव्हतं. अहवालात मी जे झालं तेच लिहिलं आणि तो अपुरा राहिला.

नंतर चैत्रात वडिलांनी आमचा पंप तीन दिवस बंद ठेवला. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजलं. बाटलीवर आधी वेळ लिहिली. भरती रोज येत होती तरी खारटपणा रोज थोडा उतरत गेला. पूर्ण गोड नाही झालं. चौथ्या दिवशी पंप सुरू केला आणि संध्याकाळपर्यंत आकडा परत चढला. ही एकच विहीर आहे, एवढ्यावरून गावाबद्दल काही म्हणता येणार नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण आमच्या विहिरीपुरतं उत्तर मिळालं आहे. आम्ही ओढतो म्हणून खारं पाणी येतं. वडील आता अर्धाच वेळ पंप लावतात. शेजारचे काका विचारायला आले होते.

कॉलेजच्या कपाटातल्या अहवालाला मी हे पान जोडलं आहे. मुखपृष्ठावर नावांच्या दोनच ओळी छापलेल्या होत्या. मी सरांना विचारून खाली पेनाने तिसरी ओळ आखली आणि तुमचं नाव लिहिलं. सर म्हणाले, आधीच आखायला हवी होती.

पुढची गावपळण कधी ते देवाला माहीत. आईने आतापासून बायकांना सांगून ठेवलं आहे की आपापल्या बावीचं पाणी द्या, खारं असलं तरी द्या, तो नापास होत नाही. तेव्हा तुम्ही इकडे असलात तर आमच्या झोपडीत राहायला या. झाप विणलेले आहेत. आई म्हणते पेज आणि सुक्या बांगड्याचं कालवण असेल, मीठ कमी पडणार नाही.

यंत्र कॉलेजच्या कपाटात तुमच्याच फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे.

तुमचा विद्यार्थी